तोंड सुजलं होतं, मग पुढचा डोस द्यायचा की नाही?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

'आमच्याकडे लहान चणीच्या जातीचं कुत्र्याचं पिल्लू आहे, वजन जेमतेम अडीच किलो. सातव्या आठवड्यात पहिली लस झाली. त्यानंतर दिवसभर झोपून राहिलं, बाकी काही नाही. अकराव्या आठवड्यात दुसरी झाली. घरी येऊन तासभर झाला असेल, ते पंजाने तोंड घासायला लागलं. उचलून बघते तर ओठ आणि पापण्या सुजलेल्या, पोटावर गांध्या उठलेल्या. तशीच धावत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी इंजेक्शन दिलं, तासभर थांबवून घेतलं. रात्री सूज उतरली आणि सकाळी ते नेहमीसारखं चपला पळवत होतं. आता तिसरा डोस आणि त्याच दिवशी रेबीजची लस, अशी तारीख होती. ती उलटून 9 दिवस झाले, माझं पाऊल उचलत नाही. नवरा म्हणतो, दोन झाल्या तेवढ्या पुरे, ते घराबाहेर जातंच कुठे? शेजारचं पिल्लू लस दिल्यावर चौथ्या दिवशी गेलं. मैत्रीण म्हणते, एवढ्याशा जिवाला अर्धाच डोस द्या. त्यात ऑटिझम, कॅन्सर असं काहीबाही वाचनात येतं. काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. इंजेक्शन देताना मीच त्याला घट्ट धरलं होतं.'

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. तुम्ही त्याला धरलं होतं हे खरं. पण त्या दिवशी तुम्ही आणखीही काही केलंत आणि ते पत्रात अगदी ओझरतं आलं आहे. पिल्लू तोंड घासतंय हे तुमच्या नजरेला पडलं. खेळत असेल म्हणून सोडून न देता तुम्ही त्याला उचलून पाहिलंत. घरातली कुठलीही गोळी न देता, सकाळची वाट न बघता तडक निघालात. पशुवैद्यक म्हणून माझी 20 वर्षांहून जास्त वर्षं या कामात गेली आहेत. सुजलेलं तोंड घेऊन येणाऱ्या किती तरी घरांतून मला 'काल रात्रीपासून असंच आहे' हे ऐकावं लागतं. तुम्ही तासाभरात दवाखान्यात होतात. याहून वेगळं काही तुम्ही करायला हवं होतं, असं मला वाटत नाही.

आता झालं काय ते बघू. तुमच्या पिल्लाला लशीची ॲलर्जी आली आणि ती लशीमुळेच आली. 'योगायोग असेल', 'काहीतरी चावलं असेल' असं कुणी म्हणालं असेल, तरी एवढ्या कमी वेळात ओठ, पापण्या आणि गांध्या हे चित्र आम्हाला चांगलं ओळखीचं आहे. लस बनवताना विषाणू जिवंत पेशींवर वाढवावे लागतात. त्या पेशींच्या वाढीसाठी वासराच्या रक्तातला द्रव वापरतात आणि लस टिकून राहावी म्हणून जिलेटिनसारखी प्रथिनं घालतात. यांचा अंश कुपीत उरतो. बहुतेक वेळा शरीर बिथरतं ते या अंशामुळे, रोगाच्या विषाणूमुळे नाही. पहिल्या डोसाच्या वेळी शरीराने हे परकं प्रथिन पाहून ठेवलं, दुसऱ्या वेळी ते दिसताच हिस्टामाइन नावाचं द्रव्य सोडलं आणि तोंड सुजलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या डोसाचं नियोजन याच गोष्टीवर बेतायचं आहे.

हे किती वेळा होतं? अमेरिकेत 12 लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. लशीनंतरच्या 3 दिवसांत काही ना काही त्रास नोंदला गेला तो दर 10,000 कुत्र्यांमागे साधारण 38 कुत्र्यांना, म्हणजे सुमारे 260 मध्ये एकाला. यात साध्या गांध्यांपासून गंभीर प्रकारांपर्यंत सगळं आलं. हा आकडा तुम्हाला धीर देणार नाही हे मला कळतं, कारण त्या 260 मधलं एक तुमच्या मांडीवर बसलं आहे. पण त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या दोन गोष्टी तुमच्या थेट उपयोगाच्या आहेत. कुत्रं जितकं लहान चणीचं, तितकी त्रासाची शक्यता जास्त. आणि एकाच भेटीत जितक्या जास्त लशी, तितकी ती वाढत जाते. 10 किलोपर्यंतच्या कुत्र्यांत तर दर वाढीव लशीमागे ही शक्यता सुमारे 27 टक्क्यांनी वाढलेली दिसली. तुमच्या पिल्लाला तिसरा डोस आणि रेबीज एकाच दिवशी द्यायचे ठरले होते. ते बदलता येईल. त्याबद्दल पुढे लिहिते.

इतर वाचकांसाठी इथे थोडं थांबते, कारण लशीनंतरची प्रत्येक मरगळ म्हणजे 'रिॲक्शन' असं समजून घाबरणारेही खूप आहेत. लस दिल्यावर पिल्लू एक-दोन दिवस जास्त झोपतं, कमी खातं, अंग किंचित कोमट लागतं, टोचलेल्या जागी हात लावला की कुंई करतं. हे अपेक्षित आहे. शरीर आत काम करतं आहे, त्याचीच ती खूण. टोचल्या जागी वाटाण्याएवढी घट्ट गाठ येऊ शकते, रेबीजच्या लशीनंतर जरा जास्तच, आणि ती दोन-तीन आठवड्यांत विरघळते. ती दाबू नका, शेकू नका. बोटाने चाचपून आकार लक्षात ठेवा. वाढत गेली, गरम किंवा ओलसर लागली, किंवा महिन्याभरानंतरही तशीच राहिली तर दाखवा. नाकात सोडायची खोकल्याची लस दिली असेल, तर काही दिवस शिंका आणि थोडा खोकला येऊ शकतो.

तोंडावरची सूज आणि गांध्या यात मोडत नाहीत. त्यांना लगेच दवाखाना, जसं तुम्ही केलंत. आणि त्याच्याही वरचा प्रकार म्हणजे तीव्र ॲलर्जी. लस दिल्यापासून काही मिनिटांत किंवा पहिल्या काही तासांत पिल्लू पुन्हा पुन्हा उलटी करतं, पातळ शी होते, अंगातला जोर जातो, पाय लटपटतात, श्वास लागतो, ते कोसळतं. ओठ वर करून हिरडी बघा. एरवी गुलाबी असते ती फिकट, पांढरट दिसते. तेव्हा फोन करत बसू नका. गाडीत बसा आणि वाटेतून फोन करा. कुत्र्यांमध्ये अशा धक्क्याचा मार यकृतावर आणि आतड्यांवर बसतो, त्यामुळे कधी कधी सूज अजिबात नसते आणि उलटी-जुलाबच पहिले दिसतात. 'पोट बिघडलं असेल' म्हणून याच ठिकाणी वेळ जातो. वेळेत ॲड्रिनालिन आणि सलाइन मिळालं, तर यातूनही पिल्लं वाचतात.

आता शेजारच्या पिल्लाबद्दल. ते गेल्याचं ऐकून तुमच्या पोटात गोळा आला असणार. मी त्या पिल्लाला तपासलेलं नाही, म्हणून त्याच्याबद्दल ठाम काही बोलणार नाही. पण 'लस दिली आणि चौथ्या दिवशी गेलं' हे मी फार वेळा ऐकलं आहे आणि खोदून विचारल्यावर बहुतेक वेळा एकच हकिगत निघते. पिल्लू घरी येऊन आठवडाच झालेला असतो. नव्या जागेचा ताण, पोटात जंत, आणि आधीच्या जागेवरून पार्व्हो सोबत आलेला, ज्याला बरेच जण गॅस्ट्रो म्हणतात. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 3 ते 7 दिवस जातात. या दिवसांत पिल्लू वरून ठणठणीत दिसतं. याच दिवसांत त्याला लस दिली, तर संरक्षण तयार व्हायच्या आत रोग उफाळून येतो आणि बोल मात्र लशीला लागतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. शक्य असेल तर शेजाऱ्यांना हळुवारपणे एवढंच विचारा: उलट्या होत होत्या का? शीला रक्त होतं का? ते घरात येऊन किती दिवस झाले होते? उत्तर 'हो' असेल, तर ती माहिती तुमच्याही कामाची आहे. मग पार्व्हो तुमच्या भिंतीपलीकडे येऊन गेला आहे आणि तुम्ही पुढचा डोस थांबवून बसला आहात.

पार्व्होचं पिल्लू टेबलावर येतं तेव्हा दार उघडताच वास येतो. रक्ताचा, गोडसर, कुबट. एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. पिल्लू मान उचलत नाही, फक्त डोळे फिरवतं. त्वचा चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, इतकं पाणी अंगातून गेलेलं असतं. एवढ्याशा पायात शीर सापडत नाही. उपचार मिळाले नाहीत तर यातली बहुतेक पिल्लं दगावतात. मिळाले तर बरीच वाचतात, पण अनेक दिवस सलाइनवर काढून. ताई, हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुम्ही जोखीम मोजताय ती फक्त लस देण्याच्या बाजूची. सुजलेलं तोंड तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, पार्व्हो पाहिलेला नाही. जे पाहिलं ते मोठं वाटणारच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात चूक काही नाही. फक्त तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे ते दिसायला हवं.

तुमच्या यजमानांचा प्रश्न रास्त आहे: दोन झाल्या, मग तिसरी कशाला? याचं उत्तर फार कमी लोकांना नीट सांगितलं जातं. आम्हीसुद्धा घाईघाईत कार्डावर पुढची तारीख लिहून देतो आणि कारण सांगायचं राहून जातं. लशीचे हे डोस एकावर एक चढवलेल्या विटांसारखे नसतात. जन्मल्यावर पहिल्या दिवसभरात पिल्लू आईचा चीक पितं आणि त्यातून आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी तयार शिपाईमंडळी, त्याच्या रक्तात येतात. हे शिपाई रोगाला जसे अडवतात, तसेच लशीतल्या विषाणूलाही अडवतात. ते अंगात भरपूर आहेत तोवर लस टोचली तरी पिल्लाचं स्वतःचं शरीर काही शिकतच नाही. ते कधी संपतात? कुणाचे आठव्या आठवड्यात, कुणाचे बाराव्या, तर कुणाचे थेट सोळाव्याच्या आसपास. एकाच विणीतल्या भावंडांतही फरक असतो, कारण कुणी जास्त चीक प्यायलेलं असतं, कुणी कमी. बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर 2 ते 4 आठवड्यांनी डोस देत जायचं आणि शेवटचा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा, अशी पद्धत जगभरातल्या पशुवैद्यकांनी ठरवली आहे. त्यातला एखादा तरी डोस आईचे शिपाई हटल्यानंतर पडतो आणि खरं काम तो करतो.

म्हणजे तुमच्या पिल्लाचे आधीचे दोन डोस लागू पडले असतील किंवा दोन्ही वाया गेले असतील. सांगता येत नाही. आणि आई आपले शिपाई मागे घेते, पण लस अजून लागलेली नसते, असा एक उघडा काळ प्रत्येक पिल्लाच्या आयुष्यात येतो. तुमचं पिल्लू आज कदाचित त्याच काळात असेल. तिसरा डोसही चार आठवड्यांनीच ठरला होता असं धरून तुमच्या पत्रावरून हिशोब केला, तर ते आता साधारण 16 आठवडे आणि 2 दिवसांचं आहे. म्हणजे 9 दिवसांच्या उशिराने तुमचं मोठं नुकसान झालेलं नाही. तिसरा डोस आता दिला तर तो नेमका 16 आठवड्यांनंतर पडेल आणि याच डोसावर माझा सगळ्यात जास्त भरवसा असतो. द्यायचा एकच डोस उरला असेल, तर तो हाच असावा.

'ते घराबाहेर जात नाही' हेही तपासून बघा. पिल्लू जात नाही, पण तुम्ही जाता. पार्व्होचा विषाणू बुटाच्या तळव्याला, सायकलच्या चाकाला, पिशवीच्या बुडाला चिकटून येतो आणि सावलीच्या, ओलसर जागी महिनोन्‌महिने टिकून राहतो. साध्या साबणाने तो मरत नाही. तुम्हीच लिहिलं आहे की पिल्लू चपला पळवतं. 1978 च्या सुमारास कुत्र्यांमधला हा रोग पहिल्यांदा ठळकपणे समोर आला, तेव्हा कुठल्याच कुत्र्याच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद नव्हती आणि बघता बघता तो जगभर पसरला. लस आली आणि मगच त्याला आवर बसला.

घरात कोंडून ठेवण्याची आणखी एक किंमत आहे, जी या हिशोबात कुणी धरत नाही. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी ओळख करून घेतं: अनोळखी माणसं, गाड्यांचे आवाज, लहान मुलं, छत्री. या काळात ज्याला काहीच दिसलं नाही, ते मोठेपणी प्रत्येक गोष्टीला भुंकतं किंवा घाबरून चावतं. तुमच्या पिल्लाचा हा काळ सरून गेला आहे, म्हणून आणखी उशीर नको. आजपासूनच त्याला कडेवर घेऊन बाहेर जा. खाली सोडू नका, अनोळखी कुत्र्यांजवळ नेऊ नका. पण बघू द्या, ऐकू द्या.

अर्ध्या डोसाबद्दल एका शब्दात सांगायचं तर: नको. मैत्रिणीचा विचार प्रेमातून आला आहे आणि औषधांच्या बाबतीत तो बरोबरही असतो, कारण औषध वजनावर देतात. लस वजनावर देत नाहीत. शरीराला विषाणूची ओळख पटायला जेवढा किमान ऐवज लागतो, तेवढा कुपीत असतो. अडीच किलोच्या पिल्लाला आणि पन्नास किलोच्या कुत्र्याला तो सारखाच लागतो. अर्धा दिला तर ओळख कच्ची राहते. आणि ॲलर्जी व्हायचीच असेल, तर परक्या प्रथिनाचा कणसुद्धा तिला पुरतो. म्हणजे त्रास पूर्ण आणि संरक्षण अर्धवट.

ऑटिझमची भीती माणसांच्या जगातून इकडे आली आहे. 1998 मध्ये मुलांच्या लशीबद्दल एक शोधनिबंध छापला गेला होता. तो सदोष ठरला आणि ज्या नियतकालिकाने छापला, त्यानेच 2010 मध्ये तो मागे घेतला. कुत्र्यांमध्ये लशीमुळे ऑटिझम होतो याला काहीही आधार नाही. टोचलेल्या जागी कॅन्सरची गाठ हा प्रकार खरा आहे, पण तो मुख्यतः मांजरांमध्ये आणि तिथेही क्वचित दिसतो.

लशी पूर्णपणे निर्धोक आहेत असं मात्र मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. कुत्र्यांच्या संसर्गजन्य हिपॅटायटिसवर पूर्वी जी लस होती, ती दिल्यावर काही कुत्र्यांचे डोळे निळसर धुरकट व्हायचे. मालकांनी सांगितलं, डॉक्टरांनी नोंदवलं, संशोधकांनी कारण शोधलं आणि मग त्याच कुळातला दुसरा, सौम्य विषाणू वापरून नवी लस तयार झाली. ती त्याच रोगापासून वाचवते आणि डोळ्यांना धक्का लावत नाही. आज कुत्र्यांना हीच देतात. म्हणून तुमच्या पिल्लाची सूज ही नोंद व्हायलाच हवी. त्याच्या कार्डावर लशीच्या कुपीचं छोटं लेबल चिकटवलेलं असेल, त्यावर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर असतो. त्याशेजारी डॉक्टरांकडून लिहून घ्या: किती वेळाने, कुठे सूज, काय दिलं, कधी उतरली. तुमच्या फोनमध्ये सुजलेल्या तोंडाचा फोटो असेल तर तोही दाखवा. ही माहिती कंपनीला किंवा औषधांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेला कळवायची विनंती डॉक्टरांना जरूर करा. उद्या तुम्ही दुसऱ्या दवाखान्यात गेलात, तरी ही चार ओळींची नोंद पिल्लाच्या सोबत जाईल.

तुमच्यासमोर 'द्यायची की नाही द्यायची' असे दोनच रस्ते आहेत असं पत्रातून दिसतं. मला वाटतं, खरा प्रश्न 'कशी द्यायची' हा आहे. तुमच्या पिल्लाला झालेली ॲलर्जी सौम्य ते मध्यम होती. ते कोसळलं नव्हतं, श्वास अडकला नव्हता. अशा पिल्लांना पुढचा डोस काळजी घेऊन देता येतो आणि त्यातली बहुतेक पिल्लं तो नीट पार पाडतात. सूज पुन्हा येऊ शकते, हे मी लपवत नाही. पण या वेळी ती येईल तेव्हा तुम्ही आणि डॉक्टर दोघं तयार असाल.

डॉक्टरांना आधी फोन करा, सरळ जाऊन उभ्या राहू नका. त्यांना सांगा की मागच्या वेळी सूज आली होती, या वेळी वेगळ्या पद्धतीने द्यायचं आहे. तिसरा डोस आणि रेबीज एकाच दिवशी नको, दोघांत 2 ते 4 आठवड्यांचं अंतर ठेवता येईल का, हे विचारा. आधी कोणती, हे तुमच्या भागात कशाचा धोका जास्त आहे त्यावरून डॉक्टर ठरवतील. दुसऱ्या कंपनीची लस मिळते का, हेही विचारा, कारण घटक बदलले तर कधी फरक पडतो. एकाच कुपीत किती रोगांच्या लशी आहेत ते बघायला सांगा. पार्व्हो, डिस्टेंपर (हाही विषाणूमुळे होणारा जीवघेणा रोग) आणि हिपॅटायटिस यांच्या लशींना पर्याय नाही. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, यासारख्या रोगाचा घटक तुमच्या भागात गरजेचा असेल, तर तो नंतर वेगळा देता येतो. लस द्यायच्या आधी ॲलर्जीविरोधी इंजेक्शन द्यावं का, हा निर्णय पूर्णपणे त्यांचा. त्याने गांध्या आणि सूज कमी होऊ शकतात, पण तीव्र धक्का टळेलच अशी हमी नसते, त्यामुळे ते दिलं तरी लक्ष ठेवणं सोडायचं नाही.

वेळ सकाळची घ्या. संध्याकाळी लस दिली आणि रात्री सूज आली, तर दवाखाना बंद असतो. त्या दिवशी तुम्ही घरी असाल असा दिवस निवडा. पिल्लाला जुलाब, ताप, सर्दी असेल तर लस पुढे ढकला आणि जंताचं औषध वेळेवर झालेलं आहे ना ते बघा. लस दिल्यावर निदान अर्धा-पाऊण तास दवाखान्यातच थांबा, तुमच्या पिल्लाच्या बाबतीत तासभर थांबलात तर उत्तम. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत दर तासाला ओठ, पापण्या, कानांच्या आतली बाजू आणि पोट बघा. रात्री झोपताना त्याला जवळ घ्या. दुसऱ्या दिवशीही अधूनमधून नजर टाका, कारण सूज कधी कधी उशिरा येते. आणि ताप वाटला म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन चुकूनही देऊ नका. लशीने होणार नाही एवढं नुकसान त्या एका गोळीने होतं.

तुमच्यासारखंच पत्र लिहिणाऱ्या पण ज्यांचं पिल्लू मागच्या वेळी खरोखर कोसळलं होतं, त्यांच्यासाठी रस्ता वेगळा आहे. तिथे डॉक्टर रक्ताची टायटर तपासणी सुचवू शकतात. पार्व्हो, डिस्टेंपर आणि हिपॅटायटिसविरुद्ध शरीरात संरक्षण तयार झालं आहे का, ते त्यात कळतं. पण ती 20 आठवड्यांच्या वयानंतर आणि शेवटच्या डोसानंतर निदान 4 आठवड्यांनी करावी. त्याआधी केली तर आईचे उरलेले शिपाई मोजले जाऊन खोटा दिलासा मिळतो. संरक्षण दिसलं तर पुन्हा टोचायची गरज राहत नाही. तुमच्या पिल्लालाही पुढे ही तपासणी उपयोगी पडेल, दर वेळी डोळे झाकून टोचण्याऐवजी. तसंही सहाव्या महिन्यात किंवा वर्षाच्या आसपासचा एक डोस झाला, की या तीन रोगांच्या लशी 3 वर्षांतून एकदाच लागतात. लेप्टो देत असाल तर ती मात्र दर वर्षी, आणि रेबीज तुमच्या भागातल्या नियमाप्रमाणे.

रेबीजबद्दल मी एक पाऊलही मागे येणार नाही. लक्षणं दिसू लागली की रेबीजवर उपचार नाही, कुत्र्याला नाही आणि माणसालाही नाही. माणसांना होणाऱ्या रेबीजचं मूळ जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यात असतं. ही लस फक्त पिल्लासाठी नसते, त्याच्याशी खेळणाऱ्या प्रत्येकासाठी असते. अंतर ठेवून द्या, काळजी घेऊन द्या, पण द्या.

घरी हे कसं बोलायचं, हाही प्रश्न तुमच्या मनात असेल. यजमानांना चुकीचं ठरवायला जाऊ नका. त्यांनाही पिल्लाला त्रास होताना बघायचं नाही, एवढाच त्यांच्या बोलण्याचा अर्थ आहे. त्यांना फोनच्या वेळी शेजारी बसवा आणि स्पीकर चालू ठेवा. त्यांचे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. आईच्या चिकाची गोष्ट सांगितली, की 'दोन पुरे' म्हणणारी माणसं बहुतेक वेळा स्वतःहून तारीख विचारतात, असा माझा अनुभव आहे.

आणि त्या दिवशी त्याला धरायला तुम्हीच जा. अनोळखी हातात पिल्लू जास्त घाबरतं, धडपडतं आणि सुई वाकडी जाते. एक हात छातीखाली, एक मानेमागे, तोंड तुमच्या कोपराकडे. इंजेक्शन झाल्यावर तिथेच बाकावर बसा, त्याला मांडीवर घ्या आणि अंगठ्याने त्याच्या ओठांवरून हलकेच फिरवत राहा. सूज येऊ लागलीच, तर मागच्यासारखी आधी तुमच्याच बोटांना कळेल आणि या वेळी डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतील.